गर्भाशय उलटले, पण हलगर्जीपणा कोणता?

तासगाव तालुक्यातील एका वाचकांनी कळवले आहे की, चौदा महिन्यांपूर्वी त्यांच्या पत्नीचे पहिले बाळंतपण एका खासगी प्रसूतिगृहात झाले. बाळ सुखरूप आले, परंतु वार (प्लॅसेंटा) काढताना गर्भाशय उलटून बाहेर आले, रक्तस्राव थांबेना म्हणून त्यांना मिरजेला हलवावे लागले आणि तेथे जीव वाचवण्यासाठी गर्भाशय काढावे लागले. ‘नर्सने नाळ ओढली’ असे पत्नी सांगते. दोन्ही रुग्णालयांवर फौजदारी करावी काय, असा त्यांचा प्रश्न आहे.

आपले दुःख मी जाणतो, तरी एक कटू गोष्ट आधी सांगतो. गर्भाशय उलटणे म्हणजेच हलगर्जीपणा, असे न्यायालय मानत नाही. वार सुटण्यापूर्वी नाळ जोराने ओढणे किंवा सैल पडलेल्या गर्भाशयावर पोटावरून दाब देणे ही त्याची नेहमीची कारणे आहेत; परंतु वार गर्भाशयाच्या माथ्यावर असणे, ती खोलवर रुतलेली असणे किंवा नाळ आखूड असणे यांमुळेही हा प्रसंग येतो, आणि क्वचित कोणाचीही चूक नसताना येतो. म्हणून काढलेल्या गर्भाशयाचा पॅथॉलॉजी रिपोर्ट मिरजेहून आधी मागवा. वार रुतलेली होती असे त्यात आले, तर समोरचे वकील त्याचाच आधार घेतील. तसे नसेल, तर आपली बाजू बळकट होईल.

माझ्या मते आपला दावा नाळ ओढण्यापेक्षा उपचाराला झालेल्या उशिरावर उभा आहे. असा प्रसंग उद्भवला की गर्भाशय ताबडतोब तळहाताने वर ढकलून जागेवर बसवायचे, वार चिकटलेली असल्यास ती तोपर्यंत सोडवायची नाही, सलाईन आणि रक्ताची तयारी ठेवायची, आणि गर्भाशय बसल्यावर ते आकुंचन पावण्याचे औषध द्यायचे, ही उपचाराची सर्वमान्य रीत आहे. जितका उशीर, तितके गर्भाशयाचे तोंड आवळत जाते आणि हाताने बसवणे अवघड होते. मग शस्त्रक्रियेखेरीज मार्ग उरत नाही. आपण पाठवलेल्या केसपेपरच्या झेरॉक्सवर पहाटे ४.१० ला प्रसूतीची नोंद आहे आणि त्यानंतर थेट ६.०५ ला ‘पी.पी.एच., रेफर’ (म्हणजे प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव, दुसरीकडे पाठवले) एवढेच आहे. मधल्या जवळजवळ दोन तासांत नाडी नाही, रक्तदाब नाही, डॉक्टर केव्हा आले तेही नाही. हा कोरा कागद आपला सर्वांत बोलका पुरावा आहे. मिरजेतील दाखल होतानाची पहिली नोंद त्याच्याशेजारी ठेवा.

संपूर्ण केसपेपर लेखी अर्ज देऊन मागा आणि अर्जाची पोच घ्या. २००२ च्या वैद्यकीय व्यावसायिक आचारनियमांनुसार ते ७२ तासांत द्यावे लागतात. मात्र ते जपण्याचे बंधन उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षांचेच आहे.

फौजदारीचा आग्रह सोडावा, असे मला वाटते. जेकब मॅथ्यू खटल्यात (२००५) सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांवरील फौजदारीसाठी घोर निष्काळजीपणाची आणि स्वतंत्र वैद्यकीय मताची अट घातली आहे. त्याऐवजी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. मुदत २ वर्षांची असल्याने आपल्या हातात सुमारे दहा महिने आहेत. आयोगाची अधिकारकक्षा मागितलेल्या भरपाईवर नव्हे, तर रुग्णालयाला दिलेल्या रकमेवर ठरते आणि ती रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी लागत नाही. त्यामुळे बिल लहान म्हणून भरपाई कमी मागू नका. तक्रारदार म्हणून पत्नीचे नाव प्रथम असावे, कारण सेवा त्यांनी घेतली. बिल आपण भरले असल्याने आपणही सोबत राहा. प्रसूतिगृहात आपण कोऱ्या छापील फॉर्मवर सही केली, याची धास्ती बाळगू नका. संमतीपत्राने निष्काळजीपणा माफ होत नाही.

मिरजेच्या डॉक्टरांना प्रतिवादी करू नये. समीरा कोहली खटल्यात (२००८) संमतीविना गर्भाशय काढणे चुकीचे ठरले, पण जीव वाचवण्यासाठी तातडीने केलेल्या शस्त्रक्रियेला त्याच निकालाने अपवाद मानले आहे. शिवाय रुग्ण कोणत्या अवस्थेत आला हे सांगू शकणारे तेच आहेत, आणि साक्षीदाराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केल्यास आपल्याकडून बोलणारा कोणी उरणार नाही.