फॉर्ममध्ये 'निरंक' लिहिण्याआधी

अगं पोरी,

तुझा मेसेज परवा रात्रीच वाचला होता, पण दोन ओळींत उत्तर देण्यासारखा नव्हता म्हणून ठेवून दिला, आणि आज पहाटे नळाला नर्मदेचं पाणी आलं तेव्हा टाकी भरता भरता वाटलं की हिला नीट पत्रच लिहावं. पहिली नोकरी लागली, ती पण सोलर प्रकल्पाच्या सर्व्हेची, मध्य प्रदेशातल्या आगर-शाजापूरकडच्या गावांमध्ये, ऐकून छान वाटलं. आईला उन्हाचं टेन्शन आलंय म्हणे. टोपी-बिपी घेऊ नकोस, सुती ओढणी बांध डोक्याला आणि पिशवीत भाजलेले चणे ठेव, गावात जेवणाचा काही भरवसा नसतो.

तू विचारलंयस की दिवसाला पंचवीस फॉर्मचं टार्गेट आहे, काकू तुम्ही कसे पटापट भरायचात. भरायचे गं, चांगलेच पटापट भरायचे, आणि त्याचीच गोष्ट आधी सांगते.

नव्वदच्या दशकातली. निमाडात नर्मदेकाठी धरणाच्या बुडिताचा सर्व्हे चालू होता, मी तेवीस वर्षांची, रोजंदारीवर घेतलेली. फॉर्मात रकाने ठरलेले, जमीन किती, विहीर आहे का, पाइपलाइन, झाडं किती आणि कसली, घर कच्चं की पक्कं. एका कहार बाईच्या ओट्यावर बसले, साठीची असेल. जमीन? नाही. विहीर? नाही. झाडं? दारात एक कडुलिंब, तोही शेजाऱ्याच्या हद्दीत. मी सगळीकडे 'निरंक' लिहीत गेले, सरकारी कागदाचा लाडका शब्द आहे तो, दहा मिनिटांत फॉर्म संपला, मी खूश. निघताना तिने मला एक टरबूज दिलं, एवढं मोठं की दोन हातांत मावेना. ते आम्ही जीपमध्ये बसून खाल्लं, बिया खिडकीतून थुंकल्या, आणि माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही की जिची जमीन निरंक आहे तिच्याकडे टरबूज आलं कुठून.

नदीच्या रेतीतून आलं होतं. पाणी उतरलं की कहार-केवट लोक रेतीत खड्डे करून टरबूज, काकडी लावायचे, पावसाळ्याच्या आधी काढून मोकळे. ती रेती कुणाच्याच खात्यावर नसते, खसऱ्यात, जमिनीच्या सरकारी नोंदीत, बघशील तर नुसती नदी. त्याशिवाय मासे, त्याशिवाय नाव, म्हणजे होडी, पलीकडच्या बाजाराला जाणारी माणसं आणि शेळ्या सोडायच्या, बदल्यात वर्षाचं धान्य. तीन धंदे होते त्या घरात आणि माझ्या फॉर्मवर एकही नव्हता. काही वर्षांनी त्यांच्या बसाहटीत, म्हणजे धरणाने उठवलेल्यांच्या नव्या वसाहतीत, गेले तर अंगणात ती नाव पालथी घातलेली, खाली कोंबड्या. भाड्याच्या ट्रॅक्टरवर घालून आणली होती म्हणे, पाणी तिथून चार किलोमीटर लांब. घराचा प्लॉट मिळाला होता, बाकी काही नाही, कारण बाकी काही होतं असं कुठे लिहिलंच नव्हतं. लिहिणारी मी. म्हातारीने मला ओळखलं नाही, खाट टाकली, पाणी दिलं.

तर बघ, भरपाईचा पैसा किती मिळाला यावर सगळे भांडतात, पेपरात तेच येतं, पण त्याच्या आधी यादी असते, आणि यादी तुझ्यासारख्या बावीस-तेवीस वर्षांच्या पोरापोरींच्या हातून होते, उन्हात, घाईत, टार्गेट डोक्यावर घेऊन. बरगीचं घे, नर्मदेवरचं मोठं धरण, जबलपूरजवळ, 1990 ला पूर्ण झालं, सर्व्हेत गावं शंभरेक धरली होती आणि फटका बसला 162 गावांना. नर्मदा ट्रिब्युनलचा, म्हणजे नर्मदेच्या पाणीतंट्यासाठीच्या लवादाचा, 1979 चा निवाडा वाच कधीतरी, चांगला आहे, जमिनीला जमीन म्हणतो, पाव हिश्श्याहून जास्त जमीन गेली तर किमान 2 हेक्टर द्या म्हणतो, घरातला सज्ञान मुलगा वेगळं कुटुंब धरा म्हणतो. मुलगा. मुलगी नाही. एका शब्दाने किती घरांमधल्या किती बायका यादीबाहेर गेल्या असतील विचार कर. 2013 च्या भूसंपादन कायद्यात ते सुधारलं, त्यात सज्ञान मुलगीही वेगळं कुटुंब, विधवा, घटस्फोटित, नवऱ्याने टाकलेली बाई हीसुद्धा, आणि तीन वर्षांपासून तिथे काम करणारे बटाईदार (वाट्याने दुसऱ्याची जमीन कसणारे), मजूर, कारागीर, मासेमार, नाववाले सगळे 'प्रभावित'. माझ्या त्या म्हातारीसाठी 20 वर्षं उशिरा आला कायदा.

आणि एकदा यादीत चढलं की सुटलो असंही नसतं बरं का. सरदार सरोवरचं पाणी मागे कुठपर्यंत चढेल याचा हिशोब मध्येच बदलला, बॅकवॉटरची रेघ नकाशावर खाली सरकली आणि जवळजवळ 16 हजार कुटुंबं एका झटक्यात 'बुडिताबाहेर' झाली. घरं तिथेच, नदी तिथेच, फक्त रेघ हलली. 2023 च्या सप्टेंबरात पाणी चढलं ते रेघ बघून थोडंच चढलं. म्हणून नकाशावरच्या रेघेच्या आत कोण हे तर लिहीच, पण रेघेला लागून कोण राहतं हेही वहीत लिहून ठेव, फॉर्ममध्ये जागा नसली तरी.

नगदीचा घोळ मोठा आहे, थोडक्यात सांगते. सरदार सरोवरमध्ये एमपीने, म्हणजे मध्य प्रदेश सरकारने, जमिनीऐवजी रोख पॅकेज काढलं, 2 हेक्टरसाठी 5 लाख 58 हजार, दोन हप्त्यांत, दुसरा हप्ता जमीन घेतल्याची रजिस्ट्री दाखवली की. झालं, दलाल उभे राहिले, खोट्या रजिस्ट्र्या, नसलेल्या जमिनी, आणि फसले कोण तर ज्याला वाचता येत नव्हतं तो. हायकोर्टाने 2008 मध्ये झा कमिशन नेमलं त्याच्या चौकशीला, रिपोर्ट यायला 2016 उजाडलं. तुझ्या गावांमध्ये जमीन भाडेपट्ट्यावर घेतायत ना, तर मालकाच्या बाजूला बसून त्याच्या वतीने बोलणारा माणूस कोण आहे ते बघ. असा एकजण प्रत्येक गावात असतो, बोलायला गोड, आणि चहासुद्धा तोच मागवतो.

2004 च्या जूनमध्ये मी हरसूदला गेले होते. इंदिरा सागरसाठी, 1000 मेगावॅटचा प्रकल्प, 30 जूनपर्यंत गाव रिकामं करायचं होतं. रेल्वे स्टेशन असलेलं, शाळा, कॉलेज, बाजारपेठ असलेलं गाव, आणि लोक आपलीच घरं आपल्या हातांनी पाडत होते, चौकटी, पत्रे, विटासुद्धा ट्रॅक्टरवर चढवत होते. ते सगळं टीव्हीवर दिसलं, तुला यूट्यूबवर मिळेल. टीव्हीवर दिसली नाही ती उधारी. नवीन हरसूद छनेऱ्याला वसवलं, प्लॉट मिळाले, दुकानंही उघडली, पण आसपासची गावंच बुडाली, आठवडी बाजाराला येणार कोण, आणि किराणावाल्याची जी वही होती, ज्यात चार पिढ्या ओळखीवर सोयाबीन निघेपर्यंत मीठ-तेल न्यायच्या, ती वही वाहून गेली समज. नव्या जागी शेजारी कोण तेच माहीत नाही तर उधार कोण देणार? तेव्हापासून मी प्रत्येक घरात एक प्रश्न विचारते जो कुठल्याच फॉर्ममध्ये नसतो, 'अडलं तर उधार कुठून आणता?' एवढं विचारलंस की गावाचा अर्धा नकाशा समोर येतो, कोण कुणावर टेकून उभं आहे ते कळतं. 'सामाजिक नातेसंबंध' वगैरे रकाना असेल तुझ्याकडे, त्यात लोक 'चांगले आहेत' एवढंच लिहून येतात.

महेश्वर तर तू पाहिलंच आहेस, अहिल्याबाईंचा घाट, साड्या, फोटो. त्याच्या जवळच 400 मेगावॅटचं धरण आहे, खाजगी कंपनीला दिलेलं, भिंत उभी राहिली आणि वीज काही मिळाली नाही, 2020 मध्ये सरकारने वीज खरेदीचा करारच रद्द केला. तिथल्या गावांत पाणी चढलं नाही म्हणजे नुकसान झालं नाही असं तुझा बॉस म्हणेल. पण वीस-पंचवीस वर्षं ती गावं अधांतरी होती, 'डूब'मध्ये, म्हणजे बुडितात, जाणार म्हणून नवीन घर बांधायचं नाही, शाळेचं छप्पर दुरुस्त होत नाही, आणि मला एका आजोबांनी सांगितलेलं की आमच्या गावात मुली द्यायला लोक कचरतात, उद्या कुठे असाल काय माहीत म्हणून. प्रकल्प 'येणार आहे' एवढ्या बातमीचाही परिणाम होतो, आणि तो पहिला दगड बसायच्या आधीच सुरू होतो.

आता तुझं सोलर. यात कुणी बुडत नाही, कुणाचं घर पडत नाही, मला स्वतःला सोलर आवडतं, गच्चीवर बसवलंय. पण म्हणूनच जास्त डोळे उघडे ठेव. भाड्याने किंवा थेट खरेदीने जमीन घेतली की भूसंपादन कायद्यातली बरीचशी भानगड लागूच होत नाही, पर्यावरण मंजुरीची जनसुनावणी सोलरला लागत नाही, म्हणजे गावाने उभं राहून बोलायची जी एक जागा होती ती पण नाही. उरलीस तू आणि तुझा फॉर्म. बँकेला रिपोर्ट लागतो म्हणून तुला पाठवलंय, हरकत नाही, त्याचाच उपयोग करून घे.

आगर, शाजापूर, नीमच मिळून 1500 मेगावॅटचं काम आहे, आणि तिथे जी 'पडीक' सरकारी जमीन कागदावर दिसेल तिला गावात जाऊन विचार, ती बहुतेक चरनोई, म्हणजे गायरान, निघेल. गुरं तिथे चरतात, बाया शेण गोळा करतात, बाभळीची काटकी आणतात, स्मशानाची वाट तिथून जाते. कुंपण पडलं की वाट दोन-तीन किलोमीटरने वाढते, बाईच्या डोक्यावरच्या मोळीला ते किलोमीटर कळतात, गुगल मॅपला कळत नाहीत. शिवाय मालक कधी कधी उज्जैन-इंदूरला राहतो, भाडं त्याच्या खात्यात येणार, 25 वर्षं, आणि जमीन बटाईवर कसणारा मात्र त्याच महिन्यात मोकळा. त्याचं नाव बी-वनवर, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावर, नाही, करारावर नाही, त्याला शोधायचं तर दुपारी घरी जाऊ नको, सकाळी सहाला शेतात जा.

आणि रेबारी. हे फार कुणी सांगणार नाही तुला. राजस्थानातून मेंढ्या-उंट घेऊन दरवर्षी माळव्यात येतात, शेतकरी त्यांना शेतात बसवतात खतासाठी, बदल्यात धान्य देतात, पाऊस आला की परत. तुझा सर्व्हे जुलैमध्ये झाला तर ते अस्तित्वातच नाहीत. म्हणून गावातल्या म्हाताऱ्यांना विचार, हिवाळ्यात इथे कोण येतं, कुठे उतरतं. ओंकारेश्वरच्या जलाशयावर तरंगते पॅनल लावलेत, 278 मेगावॅट सुरू झालेत, तिथेही हाच प्रश्न, धरणाने जमीन गेली म्हणून जे मासेमारीवर आले त्यांनी आता जाळं टाकायचं कुठे? हे तेच ओंकारेश्वर जिथे 2012 मध्ये घोगलगावचे लोक जमिनीला जमीन मागत 17 दिवस पाण्यात उभे राहिले, पायांची कातडी सुटेपर्यंत.

मासेमारीवरून आठवलं, सगळंच काळं नाही. तवा धरणाच्या विस्थापितांना 1996 मध्ये जलाशयातल्या मासेमारीचा हक्क मिळाला, त्यांनी स्वतःचा सहकारी संघ चालवला, दहा वर्षं, ठेकेदाराशिवाय. नंतर हक्क परत काढून घेतला ते वेगळं. पण होऊ शकतं हे तर दिसलं.

तुला गावात कोणीतरी नक्की विचारेल, ही वीज जाणार कुठे. 'ग्रिडमध्ये' असं तोंडावर मारू नकोस. रीव्याच्या सोलरची काही वीज दिल्लीच्या मेट्रोला जाते, सरदार सरोवरच्या विजेत 57 टक्के वाटा आपल्या एमपीचा आणि बुडिताच्या 245 गावांतली 190 हून जास्त गावंही आपलीच. आपल्या इंदूरच्या नळाचं पाणी नर्मदेकाठच्या जलूदहून 70 किलोमीटर वर चढवतात, नुसत्या विजेच्या जोरावर, त्यासाठी तिथे 60 मेगावॅटचं सोलर बांधायला 2023 मध्ये महापालिकेने 244 कोटींचे बाँड काढले, आमच्या शेजारच्या जोशीकाकांनी पण घेतले, व्याज बरं होतं म्हणून. माझी टाकी भरते ती तिकडून. हे खरं सांगितलं तर लोक चिडत नाहीत, उलट मोकळं बोलतात, माझा अनुभव आहे.

बाकी पंचवीसच्या टार्गेटचं काय करायचं ते साहेबाशी भांडून ठरव, पहिल्या आठवड्यातच भांड, नंतर सवय होते. सरपंचाच्या ओसरीवर सगळ्यांना बोलावून फॉर्म भरू नकोस, तिथे बायका बोलत नाहीत आणि बटाईदार तर येतच नाही. पटवाऱ्याकडून नकाशा आधी घे. कोऱ्या फॉर्मवर अंगठा घ्यायला सांगितलं तर पोट दुखतंय म्हण आणि मला फोन कर.

शनिवारी ये घरी, संध्याकाळी सानंदचं नाटक आहे त्याच्या आधी, चारपर्यंत. माझ्या जुन्या सर्व्हेच्या कार्बन कॉप्या माळ्यावरच्या ट्रंकेत आहेत, तो टरबुजाचा फॉर्म पण त्यातच असेल. ट्रंक जड आहे आणि माझे गुडघे तर तुला माहीतच आहेत, उतरवायची तुलाच.

तुझी,
काकू