करवाढीच्या चर्चेमुळे शेअर आत्ताच विकावेत का?

तुमचा प्रश्न असा आहे : शेअरवरील दीर्घकालीन भांडवली नफ्याचा (म्हणजे बारा महिन्यांहून जास्त काळ ठेवलेले शेअर विकून झालेल्या नफ्याचा) कर १२.५ टक्क्यांवरून १५ टक्के होईल अशी चर्चा आहे, तर ६ लाखांना घेतलेले आणि आज १० लाखांचे झालेले शेअर आत्ताच विकून, कर भरून, पुन्हा विकत घ्यावेत का? माझ्या मते याचे उत्तर नव्या दराच्या अंदाजापेक्षा हे पैसे तुम्हाला कधी लागणार आहेत यावर अधिक अवलंबून आहे.

आज विकलेत तर ४ लाखांच्या नफ्यातून १.२५ लाखांची वार्षिक सूट वजा जाऊन उरलेल्या २.७५ लाखांवर ३४,३७५ रुपये कर बसेल. (उपकर आणि दलाली सोयीसाठी बाजूला ठेवली आहे.) हाच कर १५ टक्क्यांनी ४१,२५० रुपये होतो. ६,८७५ रुपये वाचतात खरे, पण त्यासाठी ३४,३७५ रुपये आजच हातचे जातात आणि पुढे त्यांची वाढ होत नाही. वार्षिक १० टक्के वाढ धरून मी दहा वर्षांचा हिशेब मांडला. दर खरोखरच १५ टक्के झाला असे मानले, तरी शेअर न विकणाऱ्याच्या हातात शेवटी कर वजा जाता सुमारे २१ हजार रुपये जास्त राहतात. मात्र पैसे वर्षा-दीड वर्षातच घरासाठी किंवा शिक्षणासाठी लागणार असतील, तर हिशेब उलटतो आणि आज विकणे फायद्याचे ठरू शकते.

घोषणा झाल्यावर विकू, असे म्हणणाऱ्यांनी मागचे दोन प्रसंग आठवावेत. १ फेब्रुवारी २०१८ च्या अर्थसंकल्पात अरुण जेटली यांनी हा कर १० टक्के दराने पुन्हा आणला, तेव्हा तो १ एप्रिलपासून लागू झाला आणि ३१ जानेवारीपर्यंत झालेल्या भाववाढीला संरक्षणही मिळाले, म्हणजे तेवढ्या वाढीवर कर लागला नाही. ती तरतूद नीट न वाचता मी त्या मार्चमध्ये घाईने विक्री केली होती, आणि त्याची हळहळ मला आजही वाटते. याउलट २३ जुलै २०२४ रोजी निर्मला सीतारामन यांनी दीर्घकालीन दर १० वरून १२.५ टक्के आणि अल्पकालीन दर १५ वरून २० टक्के केला, तो त्याच दिवसापासून. विचार करायला एक दिवसही मिळाला नाही.

ज्या शेअरना अजून बारा महिने पूर्ण झालेले नाहीत, ते तर या भीतीपोटी मुळीच विकू नका. त्यांच्या नफ्यावर आजच २० टक्के कर आहे, म्हणजे ज्या १५ टक्क्यांची धास्ती आहे त्याहूनही जास्त.

दर बदलो वा न बदलो, एक गोष्ट मात्र अवश्य करा. १.२५ लाखांची सूट दर आर्थिक वर्षाची असते आणि न वापरल्यास पुढे नेता येत नाही. तुमच्या शेअरपैकी साधारण ३ लाख १२ हजारांचे शेअर ३१ मार्चपूर्वी विकलेत, तर त्यातील नफा जवळजवळ तेवढाच येईल, त्यावर कर लागणार नाही आणि पुन्हा घेतलेल्या शेअरची खरेदी किंमत आजच्या भावाची होईल. फक्त पुनर्खरेदी त्याच दिवशी करू नका, कारण एकाच दिवसात विकून घेतलेले तेच शेअर इंट्राडे (म्हणजे दिवसातल्या दिवसात मिटलेला) व्यवहार धरले जातात आणि तुमच्या जुन्या शेअरची विक्री झाली असे मानले जात नाही. ती दुसऱ्या दिवशी करा. नव्या शेअरचे बारा महिने तिथून पुन्हा सुरू होतील, तेव्हा वर्षभरात लागणाऱ्या रकमेचे शेअर यात घेऊ नका.