जुन्या पद्मिनीला इलेक्ट्रॉनिक इग्निशन: आधी डिस्ट्रिब्युटर बघा, मग किट घ्या

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी कार, गाडी निपाणीत, अधूनमधून बेळगाव आणि तिथून चोर्ला घाटातून गोवा. सीबी (कॉन्टॅक्ट ब्रेकर) पॉइंट दोन-तीन महिन्यांत जळतात, पावसाळ्यात सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते, आणि गोव्याकडून परत येताना घाट चढायला गाडी ओढत नाही. तुम्हाला इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायचंय, मेस्त्री नको म्हणतात.

माझं मत आधीच सांगतो. बसवा. पण मेस्त्रींचंही ऐका, कारण तुमच्या तीन तक्रारींपैकी किटनं खात्रीनं जाईल अशी एकच आहे, पॉइंट जळण्याची. बाकीच्या दोन्हींचं मूळ बहुधा दुसरीकडे आहे. आणि पॉइंट का जळतात हे न बघता किट बसवलं, तर ज्यानं पॉइंट जाळले तेच उद्या मॉड्यूल, म्हणजे किटचा इलेक्ट्रॉनिक भाग, जाळेल.

पॉइंट म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधला, म्हणजे ठिणगी पाळीपाळीनं प्रत्येक प्लगला वाटणाऱ्या भागातला, साधा स्विच. मिटलेले असताना बॅटरीचा करंट कॉइलच्या प्रायमरीतून (पहिल्या गुंडाळीतून) जातो, उघडले की तो तुटतो आणि त्या झटक्यानं सेकंडरीत (दुसऱ्या गुंडाळीत) पंधरा-वीस हजार व्होल्ट तयार होऊन प्लगला ठिणगी पडते. चार सिलिंडरच्या इंजिनाला क्रँकच्या एका फेऱ्यात दोन ठिणग्या लागतात. ३००० आरपीएमला सेकंदाला १००. म्हणजे एका ठिणगीसाठी १० मिलिसेकंद, त्यातले साधारण दोन तृतीयांश पॉइंट मिटलेले असतात आणि तेवढ्यात कॉइल भरायची असते. तीन ओहमची कॉइल असेल तर त्या दोन छोट्या टिकल्यांमधून चार अँपिअर करंट सेकंदाला शंभरदा तोडला जातो. ते झिजणारच. झिजतात दोन जागी: टिकल्या जळतात, आणि कॅमवर घासणारी फायबरची टाच झिजते. टाच झिजली की गॅप कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग मागे पडतं, म्हणजे ठिणगी उशिरा पडते. हे हळूहळू होतं, रोज गाडी चालवणाऱ्याला कळतसुद्धा नाही.

डिस्ट्रिब्युटरच्या आत बसणाऱ्या किटमध्ये कॅमवर चुंबकाची एक रिंग बसते आणि पॉइंटच्या जागी सेन्सर. घासणारं काही राहत नाही आणि करंट तोडायचं काम ट्रान्झिस्टर करतो. मात्र कॉइल तीच ठेवली तर ठिणगीची ताकदही जवळपास तीच राहते. किट लावल्याबरोबर गाडी पळायला लागली असं जे सांगतात, त्यांचे आधीचे पॉइंट संपलेले असतात. नवे पॉइंट फिलर गेजनं (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) नीट लावले असते तरी तेवढाच फरक पडला असता. किटचा खरा फायदा असा की तो फरक वर्षानुवर्षं टिकतो. माझ्या दृष्टीनं तेवढा फायदा पुरेसा आहे.

आता तुमच्या गाडीकडे येऊ. जळलेले पॉइंट फेकले नसतील तर उन्हात धरून बघा. एका टिकलीवर खड्डा आणि समोरच्या टिकलीवर तेवढाच उंचवटा असेल, तर कंडेन्सर (टिकल्यांमधली ठिणगी दाबणारा भाग) त्या कॉइलला जुळत नाही किंवा तो कमजोर झालाय. टिकल्या निळ्या-काळ्या पडून सपाट जळाल्या असतील तर करंट जास्त जातोय. बाजूला काळा तेलकट थर असेल तर ग्रीस किंवा तेल वर येतंय. या तीन खुणा तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगतात, आणि मेस्त्री पॉइंट काढून पॉलिश पेपर मारून परत लावतात तेव्हा त्या तिन्ही पुसल्या जातात.

निळे-काळे निघाले तर कॉइल मोजा. इग्निशन बंद, कॉइलच्या दोन्ही वायरी सुट्या करून, अधिक आणि उणे टर्मिनलवर मल्टिमीटर. तीनच्या आसपास ओहम आले तर ठीक. दीड आले तर ती बॅलास्ट रेझिस्टरबरोबर, म्हणजे करंट आवरणाऱ्या रेझिस्टरबरोबर, चालणारी कॉइल आहे, आणि रेझिस्टर नसताना कुणीतरी ती थेट जोडलीय. चौदा व्होल्टला दीड ओहम म्हणजे नऊ अँपिअरच्या वर. दुकानात मिळेल ती कॉइल लावली जाते, त्यामुळे ही गोष्ट जुन्या गाड्यांत सर्रास दिसते. अशा कॉइलवर साधं मॉड्यूल लावलं तर ते फार दिवस टिकणार नाही.

मग कॅप काढा, रोटर काढा, आणि डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट दोन बोटांत धरून आडवा हलवा. बोटाला टकटक लागली तर शाफ्ट ज्यात फिरतो तो बुश गेलाय. चाळीस वर्षांच्या गाडीत तो गेलेलाच असण्याची शक्यता जास्त. शाफ्ट डुलतो म्हणून चारही सिलिंडरना गॅप वेगवेगळा मिळतो, आणि तुम्ही कितीही बारकाईनं ०.४५ मिलिमीटर लावा, इंजिन फिरायला लागलं की तो राहत नाही. चुंबकाचा सेन्सर हे डुलणं पॉइंटपेक्षा जास्त सोसतो, पण त्यालाही मर्यादा आहे, शाफ्ट फारच हलत असेल तर रिंग सेन्सरला घासते. इथं आपल्या भागाचं नशीब चांगलं. बेळगावच्या उद्यमबागमध्ये फाउंड्री आणि लेथवाल्यांची वाण नाही. डिस्ट्रिब्युटर उघडून नेला तर गनमेटलचा बुश टर्न करून, रीमर मारून शाफ्टला जुळवून देणारा टर्नर तिथं सापडतो. सांगताना एवढंच सांगा की शाफ्ट बोटानं मोकळा फिरला पाहिजे पण आडवा अजिबात हलता कामा नये. गाडीवरून काढण्याआधी रोटरचं तोंड कुठं आहे आणि बॉडी कुठल्या कोनात आहे याची खूण करा, फोटो काढा. त्यानंतर क्रँक फिरवू नका.

डिस्ट्रिब्युटर उघडलाच आहे तर खालची वजनं आणि स्प्रिंगही बघा. वेग वाढला की ही वजनं बाहेर फेकली जातात आणि टायमिंग पुढं नेतात. वर्षानुवर्षं तेलाचा थेंब पडला नसेल तर ती गंजून बसलेली असतात. मग आयडलिंगला सगळं ठीक वाटतं आणि रेस दिली की गाडी मेल्यासारखी. रोटर हातानं पिळून सोडा, तो आपोआप मागं आला पाहिजे. आतली जाळीदार अर्थिंगची बारीक वायरसुद्धा तपासा. ती हलून हलून आतून तुटते, वरून शाबूत दिसते, आणि गाडी कधी मिस मारेल याचा नेम राहत नाही. चुंबकाचं किट यातलं काहीच दुरुस्त करत नाही. वजनं तीच, स्प्रिंग तीच, शाफ्ट तोच.

पावसाळ्यातल्या सकाळचं काय? कॅपच्या आत बघा. दोन टर्मिनलच्या मध्ये केसासारखी काळी रेघ दिसली तर ओल धरल्यावर ठिणगी प्लगकडे न जाता त्या रेघेवरून पळते. अशी कॅप घासून उपयोग नाही, बदलायचीच. मधला कार्बन स्प्रिंगवर मोकळा हलतोय का तेही बघा. प्लगच्या वायरी रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून बघा, गळती असेल तर निळसर ठिणग्या डोळ्यांना दिसतात. दुसरं म्हणजे बॅटरी आणि अर्थिंग. सेल्फ मारताना बॅटरीचा व्होल्टेज बारावरून दहा-साडेनऊपर्यंत उतरतो हे नेहमीचं. त्याहून खाली गेला तर पॉइंट अजून कशीबशी ठिणगी देतात, पण बरीच मॉड्यूलं साफ झोपतात. म्हणजे कमजोर बॅटरीच्या गाडीत किट लावल्यानं सकाळचं स्टार्टिंग उलट बिघडतं. मल्टिमीटरची एक वायर इंजिनच्या स्वच्छ धातूवर, दुसरी बॅटरीच्या उणे टोकावर, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर इंजिन-बॉडीची अर्थिंग पट्टी बदला.

घाटात न ओढण्याबद्दल: मागे पडलेलं टायमिंग हे एक कारण, अडकलेली वजनं हे दुसरं. पण पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनलाच बसवलेला आणि डायफ्रामचा. चढावर, उन्हात, दुसऱ्या गिअरला बराच वेळ चाललं की तो तापतो, आत पेट्रोलची वाफ होते आणि कार्बोरेटर उपाशी राहतो. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढल्यापासून जुने रबरी डायफ्राम आणि पाइपही लवकर खराब होतात. घाटात गाडी बसली की आधी ठरवा, ठिणगी गेली की पेट्रोल. जवळ एक जादा प्लग ठेवा, प्लगची एक वायर त्याला लावून त्याची बॉडी इंजिनच्या धातूला टेकवा आणि सेल्फ मारा. ठिणगी जोरात दिसली तर इग्निशनला दोष देऊ नका, पंपावर ओला फडका टाका आणि थोडं थांबा. ठिणगी नाही आणि कॉइलला हात लावता येत नाही इतकी ती तापलीय, तर कॉइल गरम झाल्यावर आतून तुटत असेल. ही चाचणी करताना वायर हवेत लोंबती ठेवून कधीही सेल्फ मारू नका. इलेक्ट्रॉनिक किट असेल तर तेवढ्यानं ते जाऊ शकतं.

हे सगळं झाल्यावर किट. तुमच्या डिस्ट्रिब्युटरवरचा शिक्का वाचूनच मागवा. पद्मिनीला वेगवेगळ्या काळात वेगवेगळे डिस्ट्रिब्युटर लागलेले दिसतात, आणि मागच्या मालकांनी बदललेले असतात ते निराळेच. नुसतं ‘पद्मिनीचं किट द्या’ म्हटलं तर मिळेल ते बसेलच असं नाही. पद्मिनीची अर्थिंग उणे आहे, म्हणजे बॅटरीचं उणे टोक बॉडीला जोडलेलं. इथं जुन्या मॉरिस आणि सुरुवातीच्या अॅम्बेसेडरवाल्यांनी मात्र आपली अर्थिंग आधी तपासावी, त्या काळच्या गाड्या अधिक अर्थिंगच्याही असतात. उलट जोडलेलं मॉड्यूल एका क्षणात संपतं.

बसवताना किटच्या लाल वायरला इग्निशन चालू असताना पूर्ण बारा व्होल्ट मिळाले पाहिजेत. मध्ये रेझिस्टर असेल तर त्याच्या अलीकडून घ्या. काळी कॉइलच्या उणे टोकाला. पॉइंटचा कंडेन्सर काढून ठेवा. प्लगच्या वायरी रेझिस्टन्सच्या घ्या, नुसत्या तांब्याच्या वायरीमुळे होणारा व्यत्यय सेन्सरला गोंधळात टाकतो. रिंग आणि सेन्सरमधलं अंतर किटबरोबर मिळणाऱ्या प्लास्टिकच्या पट्टीनं लावा. आणि टायमिंग नव्यानं लावलंच पाहिजे, कारण सेन्सर पॉइंटच्याच जागी ट्रिगर देत नाही. पुलीवरच्या खुणेला खडू लावा, टायमिंग लाइट पहिल्या सिलिंडरच्या वायरला अडकवा, मॅन्युअलमधल्या आकड्यावर लावा, मग रेस देऊन खूण सलग सरकते का बघा. उड्या मारत असेल तर बुश किंवा वजनांचं काम नीट झालेलं नाही.

पुढची काळजी थोडीच आहे. इंजिन बंद ठेवून इग्निशन चालू सोडू नका. आणि बॉडीला वेल्डिंग करायची असेल, जी या पावसाच्या पट्ट्यात सगळ्याच पद्मिनींना करावी लागते, तेव्हा बॅटरी सोडवून ठेवा.

मेस्त्री नको का म्हणतात हे मला कळतं. पॉइंटची गाडी ते रस्त्यात एका स्क्रूड्रायव्हरवर चालू करू शकतात, मॉड्यूल गेलं तर त्यांचे हात बांधले जातात. जांबोटी सोडली की कणकुंबीपर्यंत रान आहे, पावसात तिथं मॉड्यूल कोण देणार? म्हणून जुने पॉइंट, चांगला कंडेन्सर आणि पॉइंट ज्यावर बसतात ती पट्टी डिकीत ठेवायची. नुसती ठेवून भागत नाही. किट बसवल्यानंतर एकदा घराच्या अंगणात, मेस्त्रींसमोर, किट काढून पॉइंट लावा आणि गाडी चालू करून बघा. पॉइंटसाठी डिस्ट्रिब्युटर किती फिरवावा लागतो त्याची बॉडीवर खूण करून ठेवा. तसं केलं की घाटात टॉर्चच्या उजेडातही ते जमतं, आणि मेस्त्रींचीही तक्रार राहत नाही.

एक कागदाची गोष्ट. २०२१ च्या केंद्रीय नियमांत पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी आली. तुमची गाडी त्या वयाला पोचायला वेळ आहे, पण तेव्हा मूळ डिस्ट्रिब्युटर, मूळ पॉइंट हातात असलेले बरे. आत बसणाऱ्या किटसाठी काही कापावं लागत नाही, म्हणूनही मी अख्ख्या नव्या डिस्ट्रिब्युटरपेक्षा तेच सुचवतो.

कॉइलचं ओहमचं रीडिंग, डिस्ट्रिब्युटरवरचा शिक्का आणि जळलेल्या पॉइंटचा जवळून काढलेला फोटो इथं टाका. शाफ्ट हलतो की नाही तेही लिहा. मग कुठलं किट बसेल ते बघू.