दादाकडे आधी तू जा

चि. बाळास,
प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

तुझं पत्र पोचलं. वडिलांच्या दवाखान्याचा सगळा खर्च तू केलास, दादाने हात वर केले. वर स्मरणसभेच्या दिवशी वहिनी चारचौघांत बोलून गेली की घरावर डोळा होता म्हणूनच सेवा केली. हे जिव्हारी लागणारच. ‘झालं गेलं विसर’ असं मी तुला सांगणार नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय काढ. क्षमा किती वेळा करायची, हा शिष्य पेत्राचा प्रश्न आणि ‘सात वेळा नव्हे, साताच्या सत्तर वेळा’ हे प्रभूचं उत्तर तुला संडे स्कूलपासून पाठ आहे. पण त्याच अध्यायात त्याआधी काय सांगितलंय? भावाने अपराध केला तर त्याच्याकडे जा आणि दोघेच असताना त्याला चूक दाखव. तू पाळकसाहेबांना सांगितलंस, मामांना सांगितलंस, भुसावळच्या आत्याला फोन केलास. दादाशी मात्र एक शब्द बोलला नाहीस.

पुढे दोन ऋणकऱ्यांचा दाखला येतो. पहिल्याचं देणं दहा हजार तालांत. एक तालांत म्हणजे सुमारे 6,000 दीनार, आणि दीनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी! राजाने ती सोडली. त्याच्या सोबत्याकडे त्याचं येणं 100 दीनार, पण ते त्याने सोडलं नाही, सोबत्याला तुरुंगात टाकलं. आपल्याकडे कापूस वेचणाऱ्या बाईला विचार, शंभर दिवसांची मजुरी थोडी असते का? दादाकडे तुझं निघतं ते खरंच निघतं, प्रभू ते नाकारत नाही. तुला किती सोडलंय, ते आधी बघ म्हणतो.

क्षमा मनात केली म्हणजे काम झालं, असं समजू नकोस. ज्या भावांनी योसेफाला विकलं होतं, त्यांनाच त्याने मिसरात गळ्याशी धरलं, रडला, त्यांना तिथल्या गोशेन प्रांतात वसवलं. त्यानंतर त्यांचा बाप याकोब 17 वर्षं जगला. आणि तो वारल्याबरोबर भाऊ घाबरले, आता हा सूड घेईल म्हणून निरोप धाडला! इतकी वर्षं त्याचं अन्न खाऊनही त्यांची भीती गेली नव्हती. योसेफ तो निरोप ऐकून रडला, पण चिडला नाही. तुमचं आणि तुमच्या लेकराबाळांचं मी बघेन, असं म्हणून त्यांच्याशी पुन्हा मायेने बोलला. मला वाटतं, घरातली खरी क्षमा ही दुसऱ्यांदा बोलण्यात असते. दादाही लगेच विश्वास ठेवणार नाही. त्याला वेळ दे. वहिनी पहिल्या खेपेला चहासुद्धा विचारणार नाही कदाचित. तरी जात राहा.

मारहाण असती, दारू पिऊन अंगावर धावून येणं असतं, तर माझा सल्ला वेगळा असता. तिथे आधी जीव सांभाळायचा, मग बाकीचं. तुमच्यात तसं काही नाही, हे मला ठाऊक आहे.

तुझ्या लेकीची मला जास्त काळजी वाटते. परवा उपासनेनंतर मी तिला सहज विचारलं, ‘काका आले का गं?’ तिने आधी आईच्या तोंडाकडे पाहिलं, मग फ्रॉकचा पट्टा चावत गप्प उभी राहिली. इब्री लोकांस पत्रात कडूपणाच्या मुळाबद्दल लिहिलंय की त्याने पुष्कळ जण विटाळतात. त्या पुष्कळांत ती आहे रे. आजपासून तिच्यासमोर दवाखान्याचा विषय काढायचा नाही, सुनबाईनेही नाही.

आणि आईला मध्ये घालू नकोस. दोन्ही घरचे निरोप पोचवून ती थकली आहे.

नाताळाला अजून अवकाश आहे, तोवर थांबू नकोस. भरताची वांगी बाजारात आली आहेत. येत्या शनिवारी दादाला तूच फोन कर, आईला करायला लावू नकोस. वांगी भाजायला त्यालाच बसव, काड्यांचा जाळ त्याच्याइतका कोणाला साधत नाही. वहिनीला कळण्याच्या पुऱ्या आवडतात, त्या करायला सांग. खर्चाचे कागद पिशवीत असू देत. जेवणं झाली की तुम्ही दोघे भाऊच मागच्या ओट्यावर बसा, तेव्हा काढ. आकडा सांग, तुला काय लागलं तेही सांग, आणि मग त्याचं पूर्ण ऐकून घे, मध्ये तोडू नकोस. तो एक रुपया देणार नाही म्हणाला, तरी रविवारी उपासनेला त्याच्याच बाकावर बस.

काय झालं ते कळव.

तुझ्या
संडे स्कूलच्या बाई