बंद पडलेल्या जुन्या कौलारू शाळेची घरं करता येतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बेळगावात, शहापूर भागात एका संस्थेची बंद पडलेली दगडी शाळा विकायला आहे. सहा वर्ग, पुढं लांब पडवी. तिघा भावांनी मिळून ती घ्यावी का, आणि सहा वर्गांचे सहा फ्लॅट होतील का?

घरं होतात. सहा मात्र नका करू, तीन करा. मी बावीस वर्षं इथंच बांधकामावर सुपरवायझर आहे आणि अशाच एका शाळेच्या कामावर दीड वर्ष उभा होतो, म्हणून सांगतोय.

आधी कागद. शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होतं. त्यामुळे जागेचा मूळ कागद मोडीत, नंतरचा मुंबई राज्यातला मराठीत आणि 1956 नंतरचे कन्नडमध्ये, असं एकाच फाईलीत निघू शकतं. मोडी वाचणारा गाठा, पैसे खर्चून गाठा. जुन्या दानपत्रात 'शाळेसाठीच' अशी अट असली तर पुढचं सगळं तिथंच अडतं. संस्था सार्वजनिक न्यास असेल तर विक्रीला कुणाची परवानगी लागते ते आधी विचारून घ्या. नुसत्या संचालक मंडळाच्या ठरावावर इसार देऊ नका. मग वापर बदलून घेणं, महापालिका, बुडा (बेळगावचं नगरविकास प्राधिकरण), ई-खाता (मिळकतीचा ऑनलाइन उतारा). हे वकिलाला विचारा, मी दगड-चुन्याचा माणूस.

आता इमारत. शाळा आणि घर यात खरा फरक पाण्याचा आहे बघा. शाळेत पाणी असायचं ते पडवीतल्या पिंपात, आणि मुतारी अंगणाच्या टोकाला. त्या भिंतींनी आतून पाणी कधी पाहिलेलंच नाही. घर म्हटलं की तीन संडास-बाथरूम, तीन मोऱ्या, वॉशिंग मशीन. आमच्या मालकानं हट्टानं मधल्या वर्गात बाथरूम घेतलं, दीड हात जाडीची भिंत फोडून पाईप नेला. एक पावसाळा गेला. पलीकडच्या खोलीत कमरेपर्यंत ओल चढली, सिमेंटचा गिलावा अंगठ्यानं दाबला तर पापडासारखा सुटून हातात आला आणि मागचा चुना भिजलेल्या राखेसारखा. मग सगळा सिमेंट गिलावा खरवडून काढला आणि परत चुन्याचा केला. चुन्याच्या भिंतीतली ओल बाहेर पडायला वाट लागते, सिमेंट ती वाट बुजवतं. म्हणून बाथरूम आणि स्वयंपाकघर मागच्या अंगाला, नवीन बांधलेल्या सोप्यात, म्हणजे जोडखोलीत, काढा. त्या सोप्याचा पाया वेगळा घ्या आणि जुन्या भिंतीपासून बोटभर फट ठेवा. पाईप सगळे बाहेरून. तेवढी जागा मागं सहा घरांना पुरत नाही, म्हणून म्हटलं तीन.

दुसरी गोष्ट आवाजाची. ही कुणी सांगत नाही. दोन वर्गांमधली भिंत वासे टेकतात त्या पाटापर्यंतच असते, वर कौलांखाली सगळं मोकळं. मास्तरांना त्याचा त्रास नव्हता. तुम्हाला मात्र धाकट्या जावेच्या कुकरच्या शिट्ट्या मोजता येतील. घराघरांमधली भिंत थेट कौलापर्यंत चढवा, पण दगडानं नव्हे, हलक्या ब्लॉकनं.

पोटमाळ्याचा मोह होणार. चौदा फूट उंची बघून आम्हालाही झाला होता. करा, पण लोखंडी खांबांवर, खांबांना स्वतःचा पाया देऊन. जुन्या भिंतीत गर्डर घुसवू नका. आणि अख्ख्या वर्गावर नको, अर्ध्यावरच. खिडक्यांच्या वरून येणारा उजेड हीच तर त्या खोलीची कमाई, ती झाकून काय मिळवणार?

छपराचं सागवान बहुतेक ठणठणीत निघतं. कुजतात ती वाशांची टोकं, भिंतीवर टेकतात तिथं, पन्हळ गळून. प्रत्येक टोकात पेचकस खुपसून बघा. कौलं मंगळुरी असतील. शंभर चौरस फुटाला साधारण दीडशे लागतात. जुनी उतरवताना शाबूत राहतील ती पुढच्या बाजूला वापरा, नवीन मागं. दर मे महिन्यात कौलं चाळणारा माणूस लागणार, तो खर्च तिघांत आत्ताच ठरवून घ्या.

अजून एक. आमच्या गवंड्याला पडवीवर व्हिट्रिफाईड टाईल्स टाकायच्या होत्या. फरशी धुतली तर कडेला पोरांनी खिळ्यानं कोरलेले वाघबकरीच्या खेळाचे तीन पट निघाले, एकाची रेघ अर्धवट, बहुतेक घंटा झाली असावी. मालकच म्हणाला, राहू दे. तिथं आता त्याचे नातू कॅरम खेळतात, पट कुणाला येत नाही.

पाडून नवं बांधणं झटपट होतं, हे खरं. जुन्याला वेळ जातो, कारण चुन्याचं काम पावसात होत नाही आणि आपल्याकडं जून ते सप्टेंबर गेलेच. पण व्यवहार करण्याआधी ती शाळा जुलैत, पाऊस धरलेला असताना बघून या. उन्हाळ्यात सगळ्याच भिंती कोरड्या दिसतात. बॅटरी घ्या, आणि मागच्या भिंतीला खालून हात लावून बघा.