वाचकांचे प्रश्न : ‘लगान’मधलं १८९३ आणि खरं १८९३

प्रश्न : ‘लगान’ खऱ्या घटनेवर बेतलेला आहे, असा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर फिरतोय. चांपानेर तर गुजरातेत खरोखरच आहे. मग तो सामना झाला होता का? (नेरुळ)

उत्तर : नाही. २००१ सालच्या त्या चित्रपटाची गोष्ट रचलेली आहे : १८९३ मध्ये चांपानेर गावाचे शेतकरी भुवनच्या पुढाकाराने, इंग्रज कॅप्टन रसेलशी लागलेल्या पैजेत क्रिकेटचा सामना जिंकून लगान, म्हणजे शेतसारा, माफ करून घेतात. गुजरातेतलं चांपानेर पावागडच्या पायथ्याशी आहे. महमूद बेगड्याने ते १४८४ मध्ये घेतलं आणि २००४ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे. चित्रपट आपलं चांपानेर मध्य भारतात दाखवतो आणि चित्रीकरण झालं कच्छमध्ये, भुजजवळ. म्हणजे एका नावाची तीन ठिकाणं झाली. नाव जुळलं की शोध संपला असं वाटतं, आणि बहुतेक मेसेज तिथेच जन्माला येतात.

नावं बाजूला ठेवून गोष्टीचे तुकडे पाडा. सारा कोणी ठरवला? तो किती वर्षांसाठी होता? माफीची अट काय होती? भरला नाही तर काय व्हायचं? एकेका तुकड्याला इतिहासात वेगळी जोड सापडते, अख्ख्या गोष्टीला सापडत नाही.

प्रश्न : एखादा कॅप्टन मनात आलं म्हणून दुप्पट लगान लावू शकायचा का? (घोडबंदर रोड, ठाणे)

उत्तर : नाही. चित्रपटात राजा आहे, म्हणजे मुलूख संस्थानाचा. संस्थानात सारा दरबार गोळा करायचा आणि दरबाराशी बोलणी करायला पोलिटिकल एजंट, म्हणजे इंग्रज सरकारचा प्रतिनिधी, असायचा. छावणीतल्या लष्करी अधिकाऱ्याचा साऱ्याशी संबंध नव्हता.

मुंबई इलाख्यात रयतवारी होती, म्हणजे सरकार सारा थेट शेतकऱ्याकडून घ्यायचं. १८३० च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूरपासून जमिनीची मोजणी आणि प्रतवारी करत आणली आणि आकार, म्हणजे साऱ्याची रक्कम, तीस वर्षांसाठी बांधून दिला. त्यामुळे एका वर्षात दुप्पट होणं शक्य नव्हतं. दणका बसायचा तीस वर्षांनी, फेरआकारणीत. इंदापूर भागात ती पाळी आली ती अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले होते त्या १८६० च्या दशकात. तेजी बघून आकार वाढवला, मग भाव कोसळले, आकार मात्र तसाच राहिला. तो भरायला शेतकरी सावकाराकडे गेला. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात दंगा झाला तेव्हा जाळली गेली ती सावकारांकडची कर्जखतं. पुढे कर्जबाजारी शेतकऱ्यांना दिलासा देणारा १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला.

‘लगान’मध्ये सावकारच नाही. इतिहासाशी ताडून बघताना मला ही सगळ्यात मोठी फट वाटते. पडद्याला एक खलनायक पुरतो. दख्खनच्या शेतकऱ्याला सरकार दिसायचं ते बहुधा सावकाराच्या वहीतून.

माफीच्या मागणीला जवळचं उदाहरण गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यातल्या १९१८ च्या सत्याग्रहाचं. पीक चार आणे (सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक) किंवा त्याहून कमी असेल तर त्या वर्षीची वसुली पूर्ण तहकूब, असा नियमच होता. भांडण आणेवारीचं, म्हणजे पीक किती आणे आलं या अंदाजाचं, होतं : अधिकारी जास्त लावायचे, शेतकरी म्हणायचे चार आण्यांच्याही खाली. आजही पन्नास पैशांच्या आतली पैसेवारी जाहीर होते तेव्हा तोच हिशेब चालू असतो. ‘जिंकलो आणि सारा उतरला’ हा शेवट मात्र गुजरातेतल्या बारडोलीच्या १९२८ च्या सत्याग्रहात सापडतो. तिथे साऱ्यातली वाढ २२ टक्क्यांची होती. चौकशीनंतर ती ६.०३ टक्क्यांवर आली. तिथे बॅट नव्हती. सारा भरायचा नाही आणि म्हशी जप्त झाल्या तरी मागे हटायचं नाही, एवढंच हत्यार.

प्रश्न : आमच्या बाजूला असं काही घडलं का? (उलवे)

उत्तर : अलिबाग तालुक्यात, चरीला. २७ ऑक्टोबर १९३३ पासून कुळांनी खोतांची, म्हणजे गावच्या जमीनदारांची, जमीन कसायचीच थांबवली आणि हा संप सहा वर्षं चालला. पुढारी होते नारायण नागू पाटील. समोर गोरा साहेब नव्हता, खोत होता. पण अख्ख्या गावाने एका शब्दावर टिकून राहणं, हे चित्रपटाचं खरं सूत्र इथे दिसतं.

प्रश्न : कचरा म्हणजे बाळू पालवणकर का? (वाशी)

उत्तर : कचरा हा भुवनच्या संघातला अस्पृश्य, अधू हाताचा फिरकी गोलंदाज. तो म्हणजेच बाळू, असा दावा करू नका, पण तुलना जरूर करा. चर्मकार समाजातले बाळू डावखुरे फिरकी गोलंदाज. जन्म १८७६ चा, म्हणजे चित्रपटातल्या साली वय सतराच्या आसपास. त्याच सुमारास ते पुण्यात युरोपियनांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टीची कामं करत आणि नेटमध्ये साहेबांना तासन्‌तास गोलंदाजी टाकत. पुढे हिंदू संघात आल्यावर मैदानात सगळे बरोबर, पण चहा मात्र बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्यात ते होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. कर्णधारपद त्यांना मिळालं नाही. १९२३ मध्ये ते धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं.

फरक कुठे आहे बघा. कचऱ्याचा चेंडू वळतो तो अधू हातामुळे, जणू दैवाची देणगी. बाळूंचा वळायचा तो हजारो चेंडू टाकून. चित्रपटाने कष्टाचा चमत्कार करून टाकला.

‘हिंदी लोक पहिल्यांदाच साहेबाला हरवतात’ हेही १८९३ ला जुळत नाही. जानेवारी १८९० मध्ये मुंबईत पारशांनी व्हर्ननच्या इंग्लिश संघाला हरवलं होतं. पारशी गोलंदाज मेहेलाशा पावरींनी एका डावात ३४ धावांत ७ बळी घेतले होते.

प्रश्न : क्रिकेटच्या नियमांत चूक आहे का? (ऐरोली)

उत्तर : षटकातले चेंडू मोजा. १८९३ मध्ये षटक पाच चेंडूंचं होतं, सहाचं १९०० मध्ये झालं. तेव्हा षटकारासाठी चेंडू मैदानाच्याच बाहेर जावा लागे. नुसती सीमारेषा ओलांडून सहा धावा १९१० नंतर मिळू लागल्या. शेवटचा चेंडू रसेल रेषेपलीकडे झेलतो. त्या काळच्या पंचाने भुवनला सहा दिले नसते!

प्रश्न : ठाण्यात हे कुठे तपासता येईल? (कोपरी)

उत्तर : मराठी ग्रंथसंग्रहालयापासून सुरुवात करा. योगायोग असा की त्याची स्थापनाही १८९३ चीच. जुन्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमध्ये ठाणे जिल्ह्याचा खंड तेरावा. त्यातलं जमीनमहसुलाचं प्रकरण आधी वाचा. मात्र तो १८८२ चा आहे, १८९३ चे आकडे त्यात शोधू नका.