क्वांटम कॉम्प्युटर आल्यावर साधे कॉम्प्युटर भंगारात जाणार का?

क्वांटम कॉम्प्युटर लाखो पट वेगवान असेल, तर मुलाला साध्या कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला घालण्यात काय अर्थ, असं तुम्ही विचारलंय. घाला, बिनधास्त घाला.

मी सोलापुरात चादर-टॉवेलच्या कारखान्यांची सॉफ्टवेअरची कामं करतो. मागावर नक्षी उठवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड यंत्राला आडव्या धाग्यागणिक एकच सांगायचं असतं: कुठला उभा धागा उचलायचा, कुठला नाही. १ की ०. अशा ठाम, ओळीने येणाऱ्या लाखो सूचना देण्यात क्वांटमचा काडीचा फायदा नाही. जीएसटीचे हिशेब, मोबाइल, व्हिडिओ यांचंही तेच.

‘क्वांटम कॉम्प्युटर सगळी उत्तरं एकदम तपासतो’ हे अर्धसत्य आहे. क्युबिटमध्ये, म्हणजे त्याच्या माहितीच्या मूळ घटकात, अनेक शक्यता एकत्र राहतात खऱ्या, पण मोजायला गेलं की हाती एकच लागते, तीही नशिबाने. म्हणून गणित असं रचावं लागतं की चुकीची उत्तरं एकमेकांना खोडतील आणि बरोबर उत्तराची शक्यता वाढेल. खरी मेख इथेच आहे. अशी रचना फार थोड्या प्रश्नांना सापडलीय. गणितज्ञ पीटर शोर यांनी १९९४ मध्ये क्वांटम कॉम्प्युटरवर मोठ्या संख्येचे अवयव झटपट पाडण्याची रीत दिली. इंटरनेटवरची माहिती गुप्त ठेवणारं आरएसए कुलूप, साध्या कॉम्प्युटरला हे अवयव पाडणं अवघड जातं, यावरच उभं आहे. रेणूंचं वर्तन मोजणं, नवी औषधं-खतं शोधायला मदत करणं, हेही क्वांटमचं हक्काचं काम.

शोधाशोधीत मात्र फायदा बेताचा. कसलाही क्रम नसलेल्या १० लाख शक्यतांतून एक हुडकायला साध्या कॉम्प्युटरला सरासरी ५ लाख पावलं लागतात, संशोधक लव ग्रोव्हर यांच्या १९९६ च्या क्वांटम रीतीने साधारण ८००. ऐकायला भारी वाटतं, पण ती तुमच्या गिऱ्हाइकांची यादी असेल तर आत भरायलाच १० लाख पावलं जातात! कुठल्या मागावर कुठली ऑर्डर लावायची, हे कोडंही क्वांटम कॉम्प्युटर चुटकीसरशी सोडवेल असं अजून कोणी सिद्ध केलेलं नाही. आणि साध्या कॉम्प्युटरला कितीही वेळ देऊन जे मुळातच सुटत नाही, ते यालाही सुटत नाही.

गूगलच्या २०२४ च्या विलो चिपमध्ये १०५ क्युबिट आहेत, तेही शून्याखाली २७३ अंशांच्या आसपास थंड ठेवावे लागतात. २०४८ बिटांचं आरएसए फोडायला, २०२५ च्या एका अंदाजानुसार, लाखो क्युबिट लागतील. तरी आज चोरून साठवलेली माहिती उद्या उघडता येईल, म्हणून एनआयएसटी या अमेरिकेच्या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने २०२४ मध्येच, क्वांटमसमोरही टिकावीत अशा नव्या कुलपांची मानकं जाहीर केली. ती कुलपं साध्याच कॉम्प्युटरवर चालतात, आणि ती जगभर बसवायला साधे कॉम्प्युटर इंजिनिअरच लागणार आहेत. मुलाला रेषीय बीजगणित मनापासून शिकायला सांगा, दोन्हीकडे कामाला येईल.